अर्ध्या तिकिटाचें वय

आपल्या घरांतील पांच-सहा वर्षांच्या मुलास एकच वय असतें अशी कोणाची समजूत असेल, तर त्यानें त्या मुलास घेऊन एक दिवस प्रवासास निघावें. आजीच्या हिशेबानें त्यास सहावें वर्ष लागलेलें असतें. एस्. टी. च्या गाडींत पाय ठेवतांच तें साडेचार वर्षांचें होतें. पहिल्या इयत्तेंत नांव घालण्याची वेळ आली कीं त्यास सहा वर्षें केव्हांच पूर्ण झालेलीं असतात. आणि खोपोलीजवळच्या एखाद्या थीम पार्कच्या दारांत तर त्याचें वय कोणी विचारीतच नाहीं. त्यास पट्टीशीं उभें करून उंची तेवढी पाहतात. मूल मात्र तेंच, आणि त्याचे दुधाचे दांतहि तेच.

सुटीचे दिवस आले कीं जुन्नर, नारायणगांव, मंचर, घोडेगांव येथील स्थानकांवर मुलांना घेतलेलीं कुटुंबें दिसूं लागतात. कोणी पुण्यास मामाकडे, कोणी माळशेज घाटानें कल्याणकडे, कोणी अष्टविनायकांस, तर कोणी ह्या नव्या खेळांच्या बागांस निघालेले असतात. प्रत्येक दारावर प्रश्न एकच: “मूल केवढें?” प्रश्न दोन शब्दांचा, परंतु त्याच्या उत्तरांत पैशाचा, कायद्याचा व घरच्या वळणाचा असा तिहेरी गुंता आहे. तो ह्या महिन्यांत थोडा उलगडून पाहावा असें योजिलें आहे. विषय क्षुल्लक वाटेल. पण ह्या प्रश्नाचें उत्तर घरांत एकदां नीट ठरलें, तर मुलाच्या पुढील साठ वर्षांतील पुष्कळ त्रास वांचतो.

प्रथम नियम पाहूं. राज्य परिवहनाच्या गाडींत ५ वर्षांखालील मुलास तिकीट नाहीं. ५ ते १२ वर्षांपर्यंत अर्धें, व पुढें पूर्ण. आगगाडी आपल्या ह्या दोन तालुक्यांत अजून आलेली नाहीं. पुणें किंवा कल्याण येथें जाऊन ती गांठावी लागते. तिच्यांतहि ५ वर्षांखालील मूल विनातिकीट जातें, व ५ पासून १२ वर्षें पुरीं होईपर्यंत अर्धें भाडें पडतें. मात्र मुलासाठीं निजावयाची स्वतंत्र जागा मागितली, तर २१ एप्रिल २०१६ पासून पूर्ण भाडें भरावें लागतें. विमानाचा नियम याहून बारीक आहे. २ वर्षांच्या आंतील मूल वडील माणसाच्या मांडीवर बसून थोडक्या आकारांत जातें, पण त्याच्या वयाचा कागद जवळ असावा लागतो. जातांना दोन वर्षांच्या आंत असलेलें मूल येईपर्यंत दोन वर्षांचें झालें, तर परतीच्या प्रवासांत त्यास स्वतंत्र आसन घ्यावें लागतें. लेण्याद्रीच्या लेण्यांस पुरातत्त्व खात्याचें तिकीट आहे. तेथें १५ वर्षांखालील मुलांस तें माफ आहे. म्हणजे तेरा वर्षांचा मुलगा एस्. टी. च्या गाडींत पुरा माणूस ठरतो, आणि तासाभरानें गिरिजात्मजाच्या पायऱ्यांशीं पुन्हां लहान मूल होतो!

खेळांच्या बागांची रीति निराळी आहे. खालापूर तालुक्यांत २०१३ सालीं उघडलेल्या इमॅजिकासारख्या ठिकाणीं मुलाचें तिकीट वयावरून न ठरतां उंचीवरून ठरतें. शिवाय आंत गेल्यावर प्रत्येक पाळण्यास व घसरगाडीस आपापली उंचीची मर्यादा असते, आणि ती पाहूनच मुलास वर बसवितात. ह्यांत पुष्कळ पालकांस अन्याय वाटतो. सात वर्षांचें अंगानें थोराड मूल पूर्ण पैसे भरतें, आणि नऊ वर्षांचें किरकोळ मूल सवलतींत जातें, हा कोठला न्याय? परंतु पाळण्याच्या बाबतींत ह्या नियमाचें कारण उघड आहे. वेगानें उलटसुलट फिरणाऱ्या बैठकींत मुलास जो दांडा किंवा पट्टा धरून ठेवतो, तो त्याच्या शरीरास बसला पाहिजे. जन्माच्या दाखल्यावर विसंबून त्याचें काम होत नाहीं. तेथें उंचीची मर्यादा ही मुलाच्या जिवासाठीं घातलेली आहे. म्हणून बूट उंच टांचेचे घालून, किंवा टांचा उचलावयास शिकवून मुलास पट्टीच्या वर नेण्याचा मोह कोणीं करूं नये. तिकिटाच्या खिडकीपाशीं टाळलेलें सत्य फार तर चार पैसे वांचवील. पाळण्याच्या दारापाशीं टाळलेलें सत्य मुलाच्या अंगावर येईल. अमेरिकेंतील डिस्नेच्या बागांत दोन्ही रीति एकत्र नांदतात. तेथें ३ वर्षांखालील मूल फुकट, ३ ते ९ वर्षांपर्यंत बालतिकीट, व पुढें पूर्ण. पण पाळण्यावर बसविण्याचा प्रश्न आला कीं वय बाजूस राहून उंचीच पाहतात. मुलगा किंवा सून परदेशीं आहे म्हणून नातवंडांस घेऊन तिकडे जाणाऱ्या आजी-आजोबांनीं हें ध्यानांत ठेवावें. तेथें मुलाच्या वयाचा पुरावा म्हणजे त्याचें पारपत्र. आणि परदेशीं जावयाचें तर आपल्या देशांत तान्ह्या मुलासहि स्वतंत्र पारपत्र लागतें.

वयाची ही ओढाताण केवळ मुलांपुरतीच आहे असें मात्र नाहीं. आमच्या एस्. टी. च्या गाडींत ती दोन्ही टोकांस चालते. ६५ वर्षें पूर्ण झालेल्यांस अर्धें तिकीट, आणि ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील वृद्धांस प्रवास विनामूल्य. त्यामुळें एकाच बाकावर बसलेले आजोबा आपलें वय दोन वर्षांनीं वाढविण्याच्या खटपटींत, तर मांडीवरच्या नातवाचें वय दोन वर्षांनीं घटविण्याच्या खटपटींत, असा देखावा कधीं कधीं पाहावयास मिळतो. मुलींच्या बाबतींत हा मोह आतां बराच ओसरला आहे. १७ मार्च २०२३ पासून राज्यांतल्या राज्यांत सर्व स्त्रियांस एस्. टी. त अर्धें भाडें असल्यामुळें, पांच वर्षें पुरीं झालेल्या मुलीस पुढें वय लपवावयाचें कारणच उरलें नाहीं. उरला तो मुलगा, आणि उरलें तें पांचवें वर्ष.

आतां मुळाशीं जाऊं. वय हें डोळ्यांनीं दिसत नाहीं, हीच सगळ्या गुंत्याची आदि आहे. न्यायशास्त्रांत ज्ञानाचीं चार प्रमाणें सांगितलीं आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. प्रत्यक्षानें मुलाची उंची कळते, वय कळत नाहीं. पडलेल्या दांतांवरून, बोलण्याच्या ढंगावरून आपण वयाचें अनुमान करतों. तें पुष्कळदां चुकतें. “शेजारच्या बंड्याएवढा आहे” असें म्हणतों तें तुलनेचें ज्ञान. पण त्यांत बंड्याचें वय तरी ठाऊक असावें लागतें! शेवटीं उरतो तो शब्द, म्हणजे ज्यास खरें ठाऊक आहे व जो खरें बोलतो अशा आप्ताचें वचन. मुलास स्वतःस आपला जन्म आठवत नाहीं. जगांतील कोणत्याहि माणसास आपलें वय दुसऱ्याच्या शब्दावरूनच कळलेलें असतें. आईनें सांगितलें, सुइणीनें सांगितलें, दप्तरांत कोणीं तरी लिहिलें, म्हणून आपण अमुक वर्षांचे. तेव्हां वयाचा पुरावा म्हणजे शेवटीं कोणाच्या तरी सत्यवचनाचा पुरावा होय.

आपल्याकडे ह्या सत्यवचनांतहि एक निर्मळ घोटाळा असतो, आणि त्यास लबाडी म्हणतां येत नाहीं. आपल्या घरीं वय मोजण्याची रीत ‘लागलें’ ही आहे. मुलाचा चवथा वाढदिवस झाला कीं त्यास ‘पांचवें लागलें’ असें आपण म्हणतों, आणि ऐकणारा तें पांच वर्षांचें धरून चालतो. मुंजीच्या वेळीं तर ‘गर्भाष्टम’ म्हणून जन्मापूर्वींचे महिनेहि हिशेबांत येतात. कायद्याची व तिकिटाची भाषा ‘पूर्ण झालें’ ही आहे. एक मनुष्य चालू वर्ष सांगतो, दुसरा पुरें झालेलें वर्ष ऐकतो, आणि दोघेहि आपापल्या परीनें खरे असतात.

दुसरा घोटाळा तिथि व तारीख यांचा. आपला पंचांगांतला दिवस सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत. रुग्णालयाचा व दप्तराचा दिवस मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत. रात्रीं तीन वाजतां जन्मलेल्या मुलाचा वार आजी सोमवार सांगते, आणि दाखल्यावर मंगळवारची तारीख असते. त्यांत मूल अधिक मासांत जन्मलें असेल तर विचारावयासच नको. तिथीनें केलेला वाढदिवस तारखेच्या कधीं पुढें, कधीं मागें पडतो. तिथि पाळूं नये असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. औक्षण तिथीलाच करावें. पण तिकीट काढतांना, शाळेंत नांव घालतांना आणि अर्ज भरतांना तारीखच सांगावी, व ती दाखल्यावर आहे तीच सांगावी. पत्रिका हा घरचा कागद आहे. दप्तराच्या खिडकींत जन्माचा पुरावा म्हणून ती पुढें करूं नये.

पूर्वीं हा पुरावा कसा ठेवीत असत? १८८६ सालीं जन्ममृत्यूच्या नोंदीचा एक कायदा झाला खरा, परंतु त्याखालील नोंद ऐच्छिक होती. खेड्यापाड्यांत खरी भिस्त असे ती पाटील-कोतवालांच्या वहीवर. गांवांत मूल जन्मलें कीं कोतवाल वर्दी देई, आणि वहींत तारीख, बापाचें नांव, मुलगा कीं मुलगी एवढी ओळ चढे. मुलाचें नांव बहुधा नसे, कारण तोंवर बारसेंच झालेलें नसे. ह्या वह्या पुष्कळशा मोडींत आहेत, आणि आजहि कोणास पणजोबांचा दाखला हवा असला कीं तहसील कचेरींत त्यांचीच पानें उलटावीं लागतात. दोन ओळींची ती नोंद करणारा कोतवाल बहुधा निरक्षर असे, पण त्याच्या वर्दीवर चार पिढ्यांचा हक्क आज उभा राहतो.

जेथें ही नोंद नसे, तेथें शाळेच्या गुरुजींवर प्रसंग येई. बाप मुलास घेऊन ओट्यापाशीं उभा राही. “केवढा झाला?” असें विचारलें तर “मोठ्या पावसाच्या साली झाला बघा, गुर्जी,” एवढेंच उत्तर मिळे. मग गुरुजी मुलास उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरावयास सांगत. कान हातीं लागला तर मूल शाळेच्या वयाचें झालें, नाहीं लागला तर पुढच्या वर्षीं या. ही परीक्षा अगदींच वेडगळ नव्हती. लहानपणीं मुलाचें डोकें शरीराच्या मानानें मोठें व हात आंखूड असतात. सहा-सात वर्षांच्या सुमारास हात लांबतात व कान हातीं येतो. आजच्या थीम पार्कमधील उंचीची पट्टी ही त्या कानाच्या परीक्षेचीच धाकटी बहीण म्हणावयास हरकत नाहीं.

कान लागला, पण तारीख कोणती लिहावयाची? शाळा जूनमध्यें उघडत. वर्षाचा अंदाज बांधून गुरुजी ‘१ जून’ लिहून मोकळे होत. त्यामुळें महाराष्ट्रांत एका पिढींतील असंख्य माणसें कागदोपत्रीं एकाच दिवशीं जन्मलेलीं आहेत. योगायोग असा कीं आपली एस्. टी. हि त्यांच्याच पंक्तीची आहे; तिची पहिली गाडी अहमदनगर ते पुणें अशी १ जून १९४८ रोजीं धांवली. पण एस्. टी. चा जन्मदिवस खरा आहे, ह्या माणसांचा मानलेला. आणि मानलेल्या तारखेचे परिणाम मात्र अगदीं खरे. सरकारी नोकरींत महिन्याच्या पहिल्या तारखेस जन्मलेला मनुष्य आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशीं निवृत्त होतो. म्हणून दर वर्षीं ३१ मे रोजीं कचेऱ्यांतून व शाळांतून निरोपाच्या हारांची गर्दी होते. कोणास खऱ्या वयापेक्षां वर्षभर आधीं घरीं बसावें लागलें, कोणास वर्षभर अधिक राबावें लागलें. ही तारीख सुधारून घ्यावयाची तर राज्याच्या सेवेंत लागल्यापासून ५ वर्षांच्या आंत अर्ज करावा लागतो. निवृत्ति जवळ आल्यावर जागें झालेल्यांस न्यायालयेंहि सहसा दाद देत नाहींत. १९८८ सालीं एका खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें असें सांगितलें कीं शाळेच्या रजिस्टरांतील तारीख कोणीं व कशाच्या आधारें सांगितली हें कळत नसेल, तर त्या तारखेस पुराव्याचें मोल नाहीं. न्यायशास्त्राच्या भाषेंत बोलावयाचें तर, आप्त सांपडला नाहीं कीं शब्द प्रमाण होत नाहीं.

वयाच्या पुराव्याचा सर्वांत मोठा वाद ज्या बालकाविषयीं झाला, त्याचा जन्म आपल्याच जुन्नरच्या शिवनेरीवर झालेला आहे. शिवछत्रपतींची जन्मतिथि वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, असें बखरीच्या आधारें पुष्कळ दिवस मानीत असत. म्हणजे इसवी सन १६२७. पुढें लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं जेधे शकावली प्रसिद्ध केली, आणि तींत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, ही तिथि निघाली. म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. महाराजांच्या हयातींत कवींद्र परमानंदानें रचलेल्या शिवभारतानेंहि हिलाच दुजोरा दिला. विद्वानांचा वाद कित्येक दशकें चालला. आज सरकारी जयंती १९ फेब्रुवारीस होते, आणि पुष्कळ लोक ती तिथीनेंहि करतात. जवळजवळ तीन वर्षांचा हा फरक कशानें मिटला, तर कालाला जवळच्या लेखानें. मागाहून लिहिलेल्या बखरीपेक्षां जवळच्या काळांतील चार शब्द भारी ठरले. छत्रपतींच्या जन्माचा निकाल लावण्यासाठीं इतके विद्वान झटले. आपल्या चिंतूच्या किंवा बाळीच्या जन्माचा निकाल लावावयास तितके कोण बसणार? म्हणून त्यांची नोंद आपण वेळींच करावी हें बरें.

ही नोंद करणें आतां अवघड राहिलेलें नाहीं. १९६९ च्या कायद्यानें जन्माची नोंद सक्तीची झाली. २१ दिवसांच्या आंत ती करावयाची असते. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंबशुल्क भरून होते. ३० दिवसांनंतर वर्षभरापर्यंत वरिष्ठ अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. आणि वर्ष उलटलें कीं दंडाधिकाऱ्याचा हुकूम आणावा लागतो. आपलें बारसें बाराव्या दिवशीं होतें, आणि मुदत एकविसाव्या दिवशीं संपते. म्हणजे पाळण्याची दोरी सोडून ग्रामपंचायतीकडे किंवा नगरपालिकेकडे जावयास पुरे नऊ दिवस मिळतात. रुग्णालयांत जन्म झाला तर वर्दी रुग्णालय देतें. घरीं झाला तर ती घरच्या कर्त्या माणसानें द्यावयाची असते.

ह्यांत दोन गोष्टी एकत्र कुटुंबांनीं विशेष ध्यानांत ठेवाव्या. पहिली ही कीं, नोंद जन्म जेथें झाला तेथें होते, घर जेथें आहे तेथें नाहीं. पहिलटकरीण माहेरीं जाते. सासर घोडेगांवचें, माहेर ओतूरचें, आणि बाळंतपण नारायणगांवच्या रुग्णालयांत, असें सर्रास घडतें. पुढें दाखला हवा झाला कीं सासरचीं माणसें घोडेगांवच्या दप्तरांत शोधतात, माहेरचीं ओतूरच्या, आणि नोंद नारायणगांवीं बसलेली असते. दुसरी गोष्ट नांवाची. पत्रिकेंतील अक्षरावरून ठेवलेलें जन्मनांव एक, आत्याबाईनें कानांत सांगितलेलें दुसरें, आणि घरांत हांक मारावयाचें तिसरें. दप्तरांत जें नांव जन्मभर चालवावयाचें तेंच घालावें. नोंदीच्या वेळीं नांव ठरलें नसेल तर तें १२ महिन्यांच्या आंत विनाशुल्क घालतां येतें. त्यानंतरहि १५ वर्षांपर्यंत शुल्क देऊन घालतां येतें. नांव नसलेला दाखला पेटींत ठेवून स्वस्थ बसलेलीं कुटुंबें आजहि थोडीं नाहींत.

१ ऑक्टोबर २०२३ पासून ह्या दाखल्याचें महत्त्व आणखी वाढलें आहे. त्या दिवशीं किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलास शाळेंतील प्रवेश, मतदारयादी, वाहन चालविण्याचा परवाना, विवाहाची नोंद, सरकारी नोकरी आणि पारपत्र ह्या सर्वांसाठीं जन्मतारखेचा पुरावा म्हणून हा एकच कागद चालावयाचा आहे. ‘आधार’ आहे ना, मग दाखला कशाला, असें पुष्कळ लोक म्हणतात. ५ वर्षांखालील मुलास निळें आधार कार्ड मिळतें व प्रवासांत तें सोयीचें पडतें, हें खरें. परंतु ‘आधार’ ही मनुष्याची ओळख आहे, त्याच्या जन्मतारखेचें प्रमाण नव्हे; सर्वोच्च न्यायालयानें ऑक्टोबर २०२४ मध्यें एका अपघाताच्या भरपाईच्या खटल्यांत हीच गोष्ट स्पष्ट केली आहे. कंडक्टरास दाखवावयास ‘आधार’ पुरे. न्यायाधीशास दाखवावयास पुरे नाहीं.

कागद घरांत एकच असूं नये, हेंहि येथेंच सांगितलें पाहिजे. आंबेगांव तालुक्यांतील माळीण ३० जुलै २०१४ च्या पहांटेनंतर दरडीखालीं गेलें, आणि दीडशेंहून अधिक माणसें दगावलीं. अशा संकटांत घरांतील पेटींतले कागद घराबरोबरच जातात. मूळचें आंबेगांव तर डिंभें धरणाच्या पाण्याखालीं आहे. तालुक्याचें नांव तेवढें दप्तरांत राहिलें. घर जातें, गांवहि जातो, पण दुसऱ्या ठिकाणीं झालेली नोंद टिकते. म्हणून नोंद सरकारी दप्तरांत, एक प्रत घरीं, आणि एक प्रत विश्वासाच्या दुसऱ्या घरीं असावी.

हें सर्व सोपस्कार केले, तरी खरी परीक्षा गाडींतच होते. आमच्याकडे कंडक्टरास प्रवासी ‘मास्तर’ म्हणतात. मीं जन्मभर तेंच नांव वागविलें असल्यामुळें त्यांच्या कामाकडे माझें थोडें अधिक लक्ष जातें. गेल्या उन्हाळ्यांत मंचराहून पुण्यास जातांना पुढच्या बाकावर एक आजी व त्यांचा नातू बसला होता. कंडक्टरानें विचारलें, “आजी, नातू केवढा?” आजी म्हणाल्या, “अजून पांच कुठं झालीत, मास्तर? बारकंच आहे.” कंडक्टरानें मुलाकडे पाहून सहज विचारलें, “काय रे बाळा, कितवीला?” मुलगा ताठ बसून म्हणाला, “पहिली झाली. आतां दुसरीला जाणार!” गाडींत हंशा पिकला. कंडक्टरहि हंसला, आणि त्यानें न रागावतां अर्धें तिकीट फाडून दिलें. प्रकरण तेथें संपावयाचें. पण आजींनीं पैसे देतांना मुलास चिमटा घेतला, आणि हळूच म्हणाल्या, “तुला मधें बोलायला कुणी सांगितलं होतं?” मुलगा खिडकीकडे तोंड करून बसला, तो राजगुरुनगर येईपर्यंत बोलला नाहीं.

त्या आजी वाईट होत्या असें मीं म्हणत नाहीं. नातवावर त्यांचा जीव होता, आणि वांचलेल्या पैशांत त्यांनीं त्यालाच खाऊ घेतला असता. परंतु त्या मुलाच्या बाजूनें पाहा. शाळेंत त्यास ‘नेहमीं खरें बोलावें’ असें शिकवितात. त्यानें आपली पहिली इयत्ता, त्याच्या आयुष्यांतील सर्वांत अभिमानाची गोष्ट, खरी खरी सांगितली. आणि खऱ्याचें बक्षीस त्यास चिमट्याच्या रूपानें मिळालें. आजीचा शब्द हें त्याचें पहिलें प्रमाण. तिनेंच सांगितलें म्हणून तो स्वतःचा जन्मदिवस जाणतो, आपले आजोबा-पणजोबा जाणतो, देवाचें नांव जाणतो. तो शब्द काहीं रुपयांसाठीं वांकतो हें एकदां त्यानें पाहिलें, म्हणजे पुढें तिच्या कोणत्या शब्दावर त्यानें किती विसंबावें, हा हिशेब तो मनांतल्या मनांत करूं लागतो. हा तोटा कोणत्याहि अर्ध्या तिकिटापेक्षां मोठा आहे.

आणि वय खोटें सांगण्याची संवय गाडीपुरती राहत नाहीं. जो बाप गाडींत मुलाचें वय घटवितो, तोच शाळेच्या दारांत तें वाढवूं पाहतो. पहिल्या इयत्तेसाठीं सहा वर्षें पूर्ण पाहिजेत, तर शेजारच्या मुलाच्या मागें आपलें राहूं नये म्हणून चार महिने पुढें ढकलावयाचे. मागच्या पिढ्यांनीं ह्याचें फळ फार कडू चाखलें आहे. १९२९ चा शारदा कायदा १ एप्रिल १९३० पासून अंमलांत यावयाचा होता. मुलीस १४ व मुलास १८ वर्षें झाल्याविना लग्न करूं नये असा त्याचा आशय. तो दिवस उजाडण्यापूर्वीं देशभर लहान मुलांचीं लग्नें घाईनें उरकण्यांत आलीं. आणि पुढेंहि जेथें मुलीच्या जन्माची नोंद नव्हती, तेथें तिचें वय घरचीं माणसें सांगतील तेंच. आज ही मर्यादा मुलीस १८ व मुलास २१ आहे. ज्या मुलीचा जन्म दप्तरांत तारखेसह लिहिला आहे, तिला कोणी एका रात्रींत अठरा वर्षांची करूं शकत नाहीं. तिचा दाखला हें तिचें कवच आहे. बालमजुरीपासून, अकालीं विवाहापासून, वारशांतील वादापासून मुलाचें रक्षण करणारा कागद तोच, जो दाखविण्याचा आपण गाडींत कंटाळा करतों.

तथापि कागद नाहीं म्हणून मुलाचें अडूं नये, हीहि गोष्ट तितकीच खरी. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यांत वयाचा दाखला नाहीं ह्या कारणास्तव कोणत्याहि मुलास शाळेंत प्रवेश नाकारूं नये असें स्पष्ट घातलें आहे. आपल्या दोन्ही तालुक्यांच्या पश्चिमेकडील डोंगरी वाड्यांत घरीं जन्मलेलीं मुलें अद्याप असतात. आपल्या घरीं कामास येणाऱ्या बाईच्या मुलाची नोंद झाली आहे कीं नाहीं, हें एकदां विचारावें, आणि झाली नसेल तर सुशिक्षित घरांतील एखाद्या तरुणानें तिच्याबरोबर दप्तरांत जावें. आपल्यास अर्धा दिवस लागेल. त्या मुलास जन्मभर पुरेल.

शेवटीं प्रवासास निघणाऱ्यांसाठीं चार गोष्टी. मुलाचें वय घरांतून निघण्यापूर्वींच सर्व मोठ्या माणसांनीं एकमतानें ठरवून घ्यावें, आणि तें पूर्ण वर्षांत ठरवावें. गाडीसाठीं आधार कार्डाची प्रत, व विमानासाठीं जन्माच्या दाखल्याची प्रत जवळ ठेवावी. मूळ दाखला सहलीस नेऊं नये. बागेंत जाण्यापूर्वीं मुलाची उंची घरींच दाराच्या चौकटीशीं मोजावी, म्हणजे तेथें जाऊन ‘ह्या पाळण्यांत तुला बसतां येणार नाहीं’ असें ऐकून मूल रडावयाचें नाहीं. आणि चवथी गोष्ट ही कीं, कंडक्टरानें ‘मूल केवढें?’ म्हणून विचारलें, तर उत्तर मुलासच देऊं द्यावें. त्यास आपली जन्मतारीख पाठ असावी. स्पष्ट आवाजांत तें आपलें खरें वय सांगेल, आपण तितके पैसे काढून द्यावे, आणि शक्य तर तें तिकीट मुलाच्याच हातीं ठेवावें.